मुक्या जीवाचा निरोप

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुरुम येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. अशा सोहळ्यात मंदिर, पाठशाळा, साधुसंतांची वैयावृत्त्य, दानशूर पूर्वजांचे स्मरण हे विषय स्वाभाविकपणे येतात आणि ते यावयासच हवेत. मी मात्र आज एका लहानशा विषयावर बोलणार आहे. रस्त्यावरून घरात आलेले, घरचे होऊन राहिलेले मांजर जेव्हा आपल्याला सोडून जाते, तेव्हा जैन घराने त्याला निरोप कसा द्यावा, हा तो विषय.

काहींना हसू येईल. "मांजरासाठी कसले व्याख्यान?" असेही कोणी म्हणेल. परंतु पाठशाळेत मुलांना शिकविताना मला असा अनुभव आला आहे, की मोठी माणसे जे प्रश्न संकोचाने गिळून टाकतात ते मुले सरळ विचारतात. "आमची मनी मेली, ती आता कुठे गेली?" "तिने उंदीर मारले, म्हणून तिला नरकात जावे लागेल का?" "डॉक्टर म्हणाले सुई देऊन तिला सोडवू, तर पाप डॉक्टरांना की आम्हाला?" या प्रश्नांपुढे 'मोठा झालास की कळेल' हे उत्तर पुरत नाही. ज्या धर्माने एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत प्रत्येक जीवाची गणना केली, त्या धर्माकडे या प्रश्नांची उत्तरे असलीच पाहिजेत. ती मी माझ्या अल्पमतीनुसार आपणांसमोर ठेवते.

जैन घरात मांजर असावे काय?

प्रथम अवघड प्रश्न घेऊ. मांजर हा मांसभक्षी प्राणी आहे. आपल्या आचारग्रंथांनी याविषयी मौन पाळलेले नाही. स्वामी कार्तिकेयांच्या 'अनुप्रेक्षा' ग्रंथात हिंसादान नावाचा अनर्थदंड सांगताना मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळण्याचा स्पष्ट उल्लेख येतो. आचार्य हेमचंद्रांच्या 'योगशास्त्रा'त श्रावकाने टाळावयाच्या व्यवसायांमध्ये 'असतीपोषण' सांगितले आहे आणि तेथेही मांजर, कुत्रा, कोंबडा यांची नावे आहेत. म्हणजे दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांनी हा इशारा दिलेला आहे. कोणी वडीलधाऱ्याने "मांजर पाळू नये" असे म्हटले तर तो जुनाट विचार म्हणून झटकून टाकू नये. त्यामागे शास्त्र आहे.

पण शास्त्र वाचावे ते हेतूसह. हेमचंद्राचार्य हे पोषण द्रव्यप्राप्तीसाठी केलेले म्हणतात. हिंसादानाचा अर्थ हिंसेचे साधन जवळ बाळगणे किंवा दुसऱ्याच्या हाती देणे असा आहे. विष, शस्त्र, अग्नी यांच्या पंक्तीला मांजर बसते ते या अर्थाने. धान्याच्या कोठारात उंदीर मारण्यासाठी मुद्दाम मांजर आणून ठेवणे, हे हिंसादान होय. मराठवाड्यात ज्वारी, तूर, हरभऱ्याची पोती घरोघर असत आणि मांजर ठेवण्याचे कारण बहुधा हेच असे. आणि पावसात भिजलेले, आईविना म्याव म्याव करीत दाराशी आलेले पिल्लू आत घेणे? तेथे हेतू अनुकंपेचा आहे. अनुकंपा हे तर सम्यग्दर्शनाच्या लक्षणांपैकी एक. एकाच प्राण्याच्या बाबतीत हेतूने कर्म निराळे ठरते, हे आपल्या धर्माला नवीन नाही.

तरीही अडचण संपत नाही. मांजराला आपण दूध-भाकरी घालतो आणि समाधान मानतो. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य लागते. ते त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली संशोधकांनी दाखविले आणि हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे १९८७ साली सिद्ध झाले. आज हे द्रव्य रासायनिक पद्धतीने बनविले जाते आणि तयार खाद्यांत मिसळले जाते. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूधही पचत नाही. म्हणून मांजर घरात घेताना श्रावकाने या गोष्टी पशुवैद्यकांकडून समजून घ्याव्यात. दया करावयाची आणि ज्याच्यावर दया केली त्याचे शरीर कसे चालते हे जाणून घ्यावयाचे नाही, ही अर्धी दया होय. 'प्रथम ज्ञान, मग दया' हा क्रम आपल्या आगमांनीच घालून दिला आहे.

दुसरी एक रीत मात्र आपण निश्चयाने सोडली पाहिजे. घरात मांजरीने पिल्ले घातली, की ती पोत्यात घालून गावाबाहेर, एखाद्या शिवारात किंवा बाजाराच्या गावी सोडून येण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. "मारले तर नाही ना, सोडून दिले," असे म्हणून मन शांत केले जाते. डोळे न उघडलेले पिल्लू शिवारात किती तास जगणार? भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा संसदेत यावा म्हणून रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्रयत्नांची शर्थ केली. कायद्याच्या आधी कित्येक शतके आपल्या शास्त्राने अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'अन्नपाननिरोध' सांगितलाच आहे. आश्रित जीवाचे अन्नपाणी तोडणे हा व्रतभंगाचा दोष होय. मांजरीची शस्त्रक्रिया वेळीच करून घेणे हे पोत्यात पिल्ले भरण्यापेक्षा किती तरी अहिंसक आहे.

त्या जीवाची योग्यता

"मांजराला काय कळते?" हा आपला आवडता प्रश्न. शास्त्र काय म्हणते ते पाहू. मांजर हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच आहे. पाच इंद्रिये, मनोबल, वचनबल, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयू असे दहाच्या दहा प्राण त्याला आहेत, जितके आपल्याला आहेत तितकेच. गुणस्थानांच्या विवेचनात तिर्यंच जीव पाचव्या गुणस्थानापर्यंत, म्हणजे देशव्रती श्रावकाच्या पायरीपर्यंत चढू शकतो असे मानले आहे. देवगतीतील इंद्रालाही जी पायरी नाही, ती या मुक्या जीवाला खुली आहे. तीर्थंकरांच्या समवसरणातील बारा सभांपैकी एक सभा तिर्यंचांची असते आणि तेथे जन्माचे वैरी शेजारी शेजारी बसतात.

मनीने उंदीर मारले म्हणून तिचे काय होणार, असे विचारणाऱ्या मुलाला मी भगवान महावीरांच्या पूर्वभवातील सिंहाची कथा सांगते. तो सिंह हरणाची शिकार करीत असता आकाशमार्गाने जाणाऱ्या दोन चारणमुनींनी त्याला उपदेश केला. त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, त्याने व्रते घेतली आणि आहार त्यागून देह ठेवला. तोच जीव पुढे वर्धमान झाला. शिकार करणाऱ्या पंज्यांचा जीव तीर्थंकर होऊ शकतो, असे ज्या पुराणात लिहिले आहे, त्या पुराणाच्या वाचकाने दाराशी आलेल्या मांजराला तुच्छ मानू नये.

आपल्या जिल्ह्याचीच एक कथा पाहा. धाराशिव शहराजवळच्या जैन लेण्यांचा संबंध ज्या राजा करकंडूशी जोडला जातो, त्याचे चरित्र मुनी कनकामरांनी अपभ्रंश भाषेत लिहिले. विद्वद्वर्य डॉ. हिरालाल जैन यांनी त्याचे संपादन केले. त्यात एक हत्ती येतो. तो सरोवरातून सोंडेत पाणी आणि कमळ घेतो आणि एका वारुळापाशी जाऊन ते अर्पण करतो. राजाने कुतूहलाने ते वारूळ खणविले, तेव्हा त्यात भगवान पार्श्वनाथांची प्रतिमा मिळाली. माणसांना ठाऊक नसलेला देव एका मुक्या प्राण्याने दाखविला, ही कथा आपल्या भूमीची आहे.

कानात सांगितलेला मंत्र

आता निरोपाकडे येऊ. मरणाऱ्या प्राण्याजवळ बसून त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणावा, असे आपल्या आजी-पणजी सांगत. काही सुशिक्षित मंडळी त्याला भाबडेपणा म्हणतात. पण या आचाराची मुळे पुराणांत खोल आहेत.

बाल पार्श्वकुमारांनी कमठ तापसाच्या जळत्या लाकडातील नाग-नागिणीला मंत्र ऐकविला, हे सर्वांना ठाऊक आहे. वादीभसिंहांच्या 'क्षत्रचूडामणी'तील जीवंधरकुमाराची कथा तितकी परिचित नाही. यज्ञातील अन्नाला तोंड लावले म्हणून एका कुत्र्याला लोकांनी मरेपर्यंत झोडपले होते. तो भटका कुत्रा. त्याला ना धनी, ना घर. जीवंधराने त्याला वाचविण्याचा प्रयत्न केला. तो वाचत नाही हे दिसताच कुमार त्याच्याजवळ बसला आणि त्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र म्हटला. तो कुत्रा सुदर्शन नावाचा यक्ष झाला आणि पुढे जीवंधराच्या प्राणावर बेतले तेव्हा तोच धावून आला.

रविषेणाचार्यांच्या 'पद्मपुराणा'तील बैलाची कथा मला सर्वांत हृद्य वाटते. पद्मरुची नावाच्या श्रेष्ठीपुत्राने वाटेत पडलेला, अखेरचे श्वास घेणारा एक म्हातारा बैल पाहिला. तो घोड्यावरून उतरला आणि त्याने बैलाच्या कानात मंत्र म्हटला. बैल राजकुमार होऊन जन्मला. त्याला पूर्वजन्म आठवला. आपल्या मरणाच्या वेळी जवळ बसलेला तो माणूस कोण, हे शोधण्यासाठी त्याने त्याच जागी जिनमंदिर बांधले आणि त्या प्रसंगाचे चित्र तेथे लावले. जो ते चित्र पाहून थबकेल तोच तो, हे त्याने जाणले. पद्मरुची एके दिवशी तेथे आला, चित्रापुढे विस्मयाने उभा राहिला आणि दोघांची भेट झाली. पद्मरुचीचा जीव पुढे श्रीराम झाला आणि त्या बैलाचा जीव सुग्रीव.

या तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. मंत्र म्हणणाऱ्याने आधी प्राण्याजवळ बसण्याचे काम केले. घोड्यावर बसून, दुरून हात जोडून कोणी निघून गेले नाही. भाषा त्या जीवाला कळली की नाही, याचा निर्णय आपण करू शकत नाही. परंतु ओळखीचा आवाज, ओळखीचा हात आणि शांत श्वास मांजराला कळतो, हे मांजर पाळलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

सुईचा प्रश्न

सर्वांत कठीण प्रश्न हा आहे. असाध्य आजाराने तळमळणाऱ्या प्राण्याला पशुवैद्यक सुई देऊन शांत करू शकतात. जैन घराने होकार द्यावा काय?

हा प्रश्न १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात उभा राहिला होता. एक वासरू असाध्य दुखण्याने तडफडत होते. कूस बदलणेही त्याला अशक्य झाले होते. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि डॉक्टरांकरवी विषाची सुई देवविली. 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'मधून त्यांनी ते उघडपणे लिहिले. त्यावर निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला, त्यांत जैन बांधवांची संख्या मोठी होती. गांधीजींचे म्हणणे असे, की प्राण न घेणे एवढाच अहिंसेचा अर्थ नाही. आजार असाध्य असेल, सर्वांनी आशा सोडली असेल, कोणतीही सेवा उपयोगी पडत नसेल आणि रोग्याला आपली इच्छा सांगता येत नसेल, तर असे कृत्य अहिंसेत बसू शकते. त्यांच्यावर टीका करणाऱ्या जैनांचे म्हणणे असे, की आयुकर्म ज्याचे त्याने भोगून संपवावयाचे असते. ते मध्येच तोडण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही आणि तडफड पाहवत नाही म्हणून प्राण घेणे यात आपलेच दुःख टाळण्याचा हेतू लपलेला असू शकतो. दोन्ही बाजू दयेनेच बोलत होत्या.

आमच्या घरी मनी तेरा वर्षे होती. एका पावसाळ्यात ती धान्याच्या खोलीत शिरली आणि सासूबाईंच्या सामायिकाच्या बैठकीशेजारी तिने आपली जागा धरली. अखेरच्या वर्षी ती पाणी फार पिऊ लागली, अंगातील मांस झडले, अन्नावरून वासना उडाली. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडे बहुधा अशीच निकामी होतात. पशुवैद्यकांनी तपासून सांगितले, की बरी होण्याची आशा नाही. त्यांनी अतिशय सौजन्याने सुईचा पर्यायही सांगितला. पुण्याहून मुलाने फोनवर सांगितले, "आई, तिला त्रास होऊ देऊ नकोस, डॉक्टरांचे ऐक." सासूबाई म्हणाल्या, "तिने आपल्या दारी येऊन आसरा मागितला होता, मरण मागितले नव्हते." त्या रात्री घरात कोणाचाच आवाज चढला नाही, पण झोपही कोणाला आली नाही. मुलाचे म्हणणे निर्दय नव्हते आणि सासूबाईंचेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांना एवढेच विचारले, "प्राण न घेता तिच्या वेदना कमी करता येतील काय?" ते म्हणाले, "पुष्कळ करता येतील." कातडीखाली सलाईन देण्यास त्यांनी शिकविले, मळमळ आणि वेदना थांबविणारी औषधे दिली. ती चार दिवस होती. पाचव्या पहाटे सासूबाईंच्या हाताखाली तिचा श्वास थांबला. आमच्या घरापुरते हे उत्तर योग्य ठरले. दुसऱ्या कोणाच्या मांजराला असह्य वेदना असतील, औषधे लागू पडत नसतील आणि त्या घराने रडत रडत निराळा निर्णय घेतला असेल, तर त्यांना पापी म्हणण्यास मी धजणार नाही. परंतु माझे मत विचाराल तर श्रावकाने प्रथम हाच प्रश्न विचारावा, जो आम्ही विचारला. 'मारू की तडफडू देऊ' या दोनच वाटा नाहीत. मधली वाट सेवेची आहे आणि ती अधिक कष्टाची आहे.

याच ओघात एक सावधगिरीची गोष्ट सांगते. आजारी मांजराने खाणे सोडले, की "तिने संथारा घेतला" असे कौतुकाने म्हटले जाते. असे म्हणू नये. आपल्याच जिल्ह्यातील कुंथलगिरी या सिद्धक्षेत्री १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना स्वीकारली आणि छत्तीस दिवसांनी, १८ सप्टेंबर रोजी समाधिमरण साधले. ती पूर्ण जाणिवेने, विवेकाने, संघाच्या साक्षीने घेतलेली साधना होती. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला तो हाच भेद सांगण्यासाठी आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. मळमळीने अन्न नकोसे झालेल्या मांजरावर आपण हे व्रत लादू शकत नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते आणखी आजारी पडते. त्याचे न खाणे हे तप नसून लक्षण आहे. डॉक्टरांना बोलवा.

शोक आणि त्यानंतर

घरातील मांजर गेल्यावर रडू आले, तर ते लपविण्याचे कारण नाही. माणसाचे आणि मांजराचे नाते फार जुने आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले, त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात माणसाच्या सांगाड्यापासून अवघ्या चाळीस सेंटिमीटरवर एका मांजराला नीट ठेवलेले होते. इजिप्तमध्ये घरचे मांजर मेले की घरातील माणसे भुवया काढून टाकीत, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याजवळ संगम माहुली येथे, कृष्णा-वेण्णेच्या काठी, छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीपाशी त्यांच्या खंड्या कुत्र्याचे दगडी शिल्प आहे. शिकारीच्या वेळी वाघापासून त्याने महाराजांना वाचविले, अशी परंपरा सांगते. १७४९ साली निधन पावलेल्या राजाच्या शेजारी त्याच्या कुत्र्याची स्मृती आजही उभी आहे. राजाला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटावी?

मात्र शोकाला शास्त्राने सीमा घातली आहे. प्रिय वस्तूच्या वियोगाने मन त्यातच घोळत राहणे, याला इष्टवियोगज आर्तध्यान म्हणतात. अश्रू आले हे आर्तध्यान नव्हे. महिनोन्‌महिने तेच तेच उगाळणे, "मी आधी नेले असते तर", "त्या डॉक्टरांकडे दाखवले असते तर" असे स्वतःला जाळत राहणे, हे आर्तध्यान होय. त्यावर औषध बारा भावनांचे आहे. अनित्य भावना सांगते, की संयोग तेथे वियोग. एकत्व भावना सांगते, की तो जीव एकटा आला, एकटा गेला आणि त्याची पुढची वाट त्याची आहे. मुलांना हे सांगताना "देवाने नेले" असे म्हणू नये, कारण आपल्या धर्मात कोणाला नेणारा देव नाही. "तिचे या शरीरातील आयुष्य संपले, तिचा जीव पुढच्या प्रवासाला गेला, आपण तिच्यासाठी चांगले भाव ठेवू," एवढे सांगितले तरी मुलाला पुरते, असा माझा अनुभव आहे.

काही व्यवहाराच्या सूचना

स्मरणिकेत राहील म्हणून थोडक्यात सांगते.

आजारी मांजराला माणसांची औषधे कधीही देऊ नका. तापासाठी आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे. एक गोळीही प्राण घेऊ शकते. आजारी मांजर लपून बसते. ते दिसेनासे झाले की माळ्यावर, पोत्यांमागे शोधा. त्याची जागा हलवू नका, पाणी तोंडाशी येईल असे ठेवा. मांजर चावले किंवा त्याने बोचकारले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो.

मरण जवळ आले, की घरातील दूरदर्शन संच बंद करा, गर्दी नको. एकाने जवळ बसावे, हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणावा. प्राण गेल्यावर त्या जीवाची क्षमा मागावी. आपण तिला कधी हुसकावले असेल, तिच्या शेपटीवर पाय पडला असेल, या सर्वांबद्दल. आणि तिलाही आपण क्षमा केल्याचे म्हणावे. वर्षातून एकदा चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील जीवांची क्षमा मागणाऱ्या समाजाला एका जीवाची समोरासमोर क्षमा मागणे जड जाऊ नये. देह स्वच्छ सुती कापडात गुंडाळून विहिरीपासून दूर, निदान तीन फूट खोल खड्ड्यात ठेवावा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. तो उकिरड्यावर फेकू नये. खणताना किडा-मुंगी पाहून यत्नाचाराने खणावे.

संस्थेकडून अपेक्षा

शेवटी ट्रस्टला एक नम्र विनंती. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी आज्ञेवरून मोठे दंगे उसळले. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ साली, जमशेदजी जीजीभाई या पारशी गृहस्थांनी आणि जैन-हिंदू व्यापाऱ्यांनी मिळून भुलेश्वरची पांजरपोळ उभी केली. नुसता निषेध करून ते लोक घरी बसले नाहीत, त्यांनी जागा घेतली, पैसा उभा केला आणि ती संस्था आजही चालू आहे. आपले गाव लहान आहे, आपली शक्ती मर्यादित आहे. पण वर्षातून एक दिवस, पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या निमित्ताने, पशुवैद्यकांना बोलावून गावातील मांजरे-कुत्र्यांच्या लसीकरणाचे आणि शस्त्रक्रियेचे शिबिर आपण घेऊ शकतो. उन्हाळ्यात प्रत्येक घराच्या ओट्याखाली पाण्याचे एक मातीचे भांडे ठेवू शकतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते भांडे म्हणजे एखाद्या जीवाचे आयुष्य असते.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात सर्व संप्रदायांनी मिळून जे प्रतीक स्वीकारले, त्याखाली लिहिलेल्या सूत्राचा भाव असा आहे, की जीव एकमेकांना उपकारक असतात. आपण मांजरावर उपकार केला, एवढेच आपण सांगतो. त्या मांजराने आपल्यावर केलेला उपकारही मोजावा. आपल्या घरातील मुलांना त्याने पहिल्यांदा मरण दाखविले, जवळ बसणे शिकविले, आणि ज्याच्याकडून काही मिळावयाचे नाही त्याची सेवा करण्याची सवय लावली. हीच सवय उद्या आपल्या उशाशी बसणार आहे.

 माझ्या बोलण्यात शास्त्राविरुद्ध काही आले असल्यास जाणत्यांनी सुधारून घ्यावे.